जुन्या पिकअपचं डिझेल गेज बिघडलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजीपाला, दूध, मासळी, सिमेंटच्या गोण्या ओढणाऱ्या जुन्या पिकअपच्या मालकांकडून आणि ड्रायव्हरांकडून फ्युएल गेजबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बोलेरो पिकअप, टाटा 207 अशा डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीसाठी जिथे काही वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

1. गेज चालतं कसं, एवढंच आधी समजावून सांगा.

टाकीत एक युनिट असतं. दुकानात त्याला टँक युनिट किंवा नुसता फ्लोट म्हणतात. त्याच्या दांडीच्या टोकाला खरा फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा पोकळ तुकडा असतो. डिझेल वर-खाली झालं की फ्लोट हलतो आणि दांडीला जोडलेली बारीक पत्ती रेझिस्टन्सच्या (करंटला होणाऱ्या अडथळ्याच्या) पट्टीवर सरकते. रेझिस्टन्स बदलला की मीटरमधून जाणारा करंट बदलतो आणि काटा हलतो.

म्हणजे बिघाड पाच ठिकाणी असू शकतो: मीटरला येणारा सप्लाय, खुद्द मीटर, मीटरपासून टाकीपर्यंतची वायर, टाकीतलं युनिट आणि युनिटचं अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट. शेवटचं नाव बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. टाकी उतरवणं आणि नवं युनिट विकत घेणं हे शेवटचं काम आहे, पण अनेक ठिकाणी तेच पहिलं केलं जातं. म्हणून पुढची बरीच उत्तरं टाकीला हात लावण्याआधी काय बघायचं याबद्दल आहेत.

2. चावी बंद केली तरी काटा अर्ध्यावरच राहतो. मीटर अडकलंय का?

तसं असेलच असं नाही. मीटर दोन प्रकारचे असतात. जुन्या बायमेटल मीटरमध्ये पत्ती तापून काटा सरकतो, त्यामुळे चावी लावल्यावर तो सावकाश चढतो आणि बंद केल्यावर सावकाश उतरतो. कॉइलच्या मीटरमध्ये बऱ्याचदा काटा परत ओढणारी स्प्रिंग नसते, म्हणून चावी बंद झाली की काटा असेल तिथेच थांबतो. चावी बंद असताना दिसणारा आकडा धरूच नका. चावी चालू करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग बघा.

3. काटा कायम खाली पडलेला असतो. सुरुवात कुठून करू?

आधी टाकीत डिझेल आहे याची खात्री करा. मग फ्यूज बघा. गेजच्या फ्यूजवर सहसा डॅशबोर्डची आणखी एक-दोन कामं असतात, त्यामुळे तापमानाचा काटा किंवा वॉर्निंगचे दिवेही बंद असतील तर फ्यूज किंवा सप्लायच गेला आहे. बाकी सगळं चालू असेल तर गाडीखाली वाका आणि टाकीवरचा कपलर (वायर जोडायचा प्लग) बघा. तो निसटलेला, चिखलाने भरलेला किंवा आतली पिन हिरवी पडलेली असते. पिना साफ करून कपलर दोन-तीनदा काढून-घालून बघा. त्यानेही काटा हलला नाही तर पुढची टेस्ट करा.

4. टाकी न उतरवता बिघाड मीटरमध्ये आहे की टाकीत, हे कसं ओळखायचं?

ही टेस्ट एकदा शिकून घेतली की पुढचा अंदाजपंचे खर्च वाचतो. एक माणूस केबिनमध्ये बसवा. चावी बंद ठेवून टाकीवरचा कपलर सोडवा. युनिट टाकीत बंदच राहू द्या. आसपास डिझेल गळत असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर तिथेच थांबा आणि आधी ती गळती काढा.

कपलरमध्ये दोन किंवा तीन वायर असतात. एक मीटरकडे जाते, एक अर्थिंगची, आणि तिसरी असेल तर ती रिझर्व्हच्या दिव्याची. दिव्याची वायर अर्थ केली (चॅसीला टेकवली) की डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्यावरून ती ओळखू येते.

आता चावी चालू करा. कपलर सुटलेला असताना काटा कुठल्या टोकाला जातो ते विचारून घ्या. नंतर मीटरची वायर 12 व्होल्ट, 5 वॉटच्या पार्किंग बल्बमधून चॅसीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागेला लावा. थेट भिडवू नका, बायमेटल मीटर तेवढ्याने जळू शकतो. काटा आता विरुद्ध टोकाकडे जायला हवा. बल्बमुळे तो अगदी टोकाला टेकला नाही तरी हरकत नाही.

काटा दोन्हीकडे नीट गेला, तर मीटर आणि वायर धडधाकट आहेत. दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर हीच टेस्ट मीटरच्या मागच्या बाजूने करा. तिथून हलला पण टाकीकडून नाही, तर मधली वायर तुटलेली आहे. कपलर काढलेला असूनही काटा अर्थ केल्यासारख्याच टोकाला बसून राहिला, तर वायर कुठेतरी चॅसीला घासून सोलली आहे. ती शोधताना क्लिपच्या जागा आणि क्रॉस मेंबरची (चॅसीच्या आडव्या पट्ट्यांची) भोकं आधी बघा.

या टेस्टचा मोठा फायदा असा की तुमच्या गाडीत कमी रेझिस्टन्स म्हणजे फुल की रिकामी, हे आधी माहीत नसलं तरी चालतं. दोन्ही पद्धतीच्या गाड्या रस्त्यावर आहेत.

5. मेकॅनिक म्हणतो, "अर्थिंग नाही." म्हणजे काय, आणि ते मला तपासता येईल का?

येईल. युनिटमधून गेलेला करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत यायला हवा. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी वायर असते, काहींत टाकीचा पत्रा आणि पट्टेच ते काम करतात. पट्ट्याखाली रबर असतं, टाकीला रंग मारलेला असतो आणि मधला बोल्ट गंजलेला असतो. मग करंटला वाट उरत नाही.

मासळीच्या गाड्यांत हे सर्वांत जास्त दिसतं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून (मागच्या माल भरायच्या भागातून) रात्रभर चॅसीवर ठिबकतं आणि अर्थिंगचं थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) आतून खाऊन टाकतं. वरून वायर शाबूत दिसते, बोटाने ओढली की हातात येते. हौदा नवा बांधल्यावर किंवा चॅसी रंगवल्यावर गेज बिघडलं असेल तरी पहिला संशय इथेच घ्या. रंगाच्या थरावर कसलेलं थिंबल काही कामाचं नाही. हौद्याचं वेल्डिंग करून घेताना बॅटरीच्या दोन्ही वायर काढून ठेवा.

तपासणी सोपी आहे. कपलर जागेवर, चावी चालू. एक लांब वायर घ्या, एक टोक आधी युनिटच्या अर्थ पिनला किंवा वरच्या धातूच्या झाकणाला लावा आणि दुसरं टोक मग बॅटरीच्या निगेटिव्हला. ठिणगी पडलीच तर ती टाकीपासून लांब पडावी म्हणून हा क्रम. काटा लगेच योग्य जागी आला तर अर्थिंगच खराब आहे. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, नवं थिंबल दाबून लावा, बोल्ट कसा आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. मल्टिमीटर असेल तर चावी बंद ठेवून युनिटचं अर्थ आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा. आकडा एक ओहमच्या आत यायला हवा.

6. काटा फुल दाखवत होता आणि गाडी डिझेल संपून बंद पडली. असं कसं होऊ शकतं?

हा सगळ्यांत धोकादायक बिघाड आहे. जास्त रेझिस्टन्स म्हणजे फुल, अशी रचना असलेल्या गाडीत अर्थिंग कमजोर झालं की रेझिस्टन्स वाढतो आणि काटा आहे त्यापेक्षा जास्त डिझेल दाखवतो. कपलर पूर्ण सुटला तर थेट फुल. उलट रचनेच्या गाडीत वायर चॅसीला टेकली की हेच होतं. तिसरी शक्यता म्हणजे दांडी वरच अडकली आहे, विशेषतः टाकीला दगड लागून पोचा आला असेल तर. पहिल्या दोन शक्यता प्रश्न 4 आणि 5 मधल्या टेस्टने उघड होतात. गाडी परत चालू करण्याबद्दल प्रश्न 14 पाहा.

7. डिझेल आणि तापमान, दोन्ही काटे एकदमच चुकीचे दाखवतात. दोन्ही बिघडले?

दोन वेगळी युनिट एकाच दिवशी बिघडणं कठीण आहे. दोघांत सामाईक काय, ते बघा. मीटरच्या पॅनलचा सप्लाय, पॅनलचं अर्थिंग आणि जुन्या बायमेटल पॅनलमध्ये व्होल्टेज स्टॅबिलायझर. बॅटरी आणि अल्टरनेटरचं व्होल्टेज बदललं तरी काट्यांना एकसारखं व्होल्टेज मिळावं, हे या छोट्या डबीचं काम. ती बिघडली की दोन्ही काटे मिळून वर चढतात किंवा मिळून खाली बसतात.

आणखी एक खूण आहे. हेडलाइट लावला की काटा हलतो, किंवा इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापीबरोबर काट्याला बारीक झटका बसतो. असं दिसलं तर पॅनलचं अर्थिंग सैल आहे. टाकीकडे जाऊच नका.

8. अर्ध्यापर्यंत बरोबर उतरतो, मग एकदम खाली पडतो आणि थोड्या वेळाने परत वर येतो.

पट्टी झिजली आहे. पत्ती वर्षानुवर्षं जिथे सर्वांत जास्त सरकते तिथे पट्टी पातळ होते आणि त्या जागी संपर्क तुटतो. रोज पाचशेचं डिझेल टाकून चालणाऱ्या गाडीत ही जागा खालच्या पावभागात येते, कारण फ्लोट कायम तिथेच खेळत असतो. इंधनातल्या गंधकामुळे चांदीचे संपर्क काळे पडणं हेही जुनं दुखणं आहे. एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमपर्यंत खाली आलं, पण त्याआधी बसलेला काळा थर आपोआप जात नाही. पट्टी नुसती काळी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने साफ होते. पट्टीला झिजून खाच पडली असेल तर युनिट बदला.

9. घाटात काटा वर-खाली होतो. बिघाड आहे का?

नाही. पिकअपची टाकी चॅसीच्या एका बाजूला लांबट बसवलेली असते. चढावर डिझेल मागे जातं, उतारावर पुढे येतं, आणि फ्लोट एकाच जागी असतो. माल भरल्यावर मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, तेव्हाही वाचन थोडं सरकतं. सपाट जागी, गाडी उभी करून दिसलेला आकडा धरा. सपाट रस्त्यावरही काटा नाचत असेल तर प्रश्न 8.

10. रिझर्व्हचा दिवा लागलाय, काटा मात्र अर्ध्यावर आहे. विश्वास कुणावर ठेवू?

आधी दिव्यावर. बऱ्याच जुन्या युनिटमध्ये दिव्यासाठी वेगळा थर्मिस्टर तळाशी असतो. डिझेलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो, उघडा पडला की तापतो आणि दिवा लागतो. त्याचं सर्किट काट्यापेक्षा वेगळं असतं, म्हणून एक चुकलं तरी दुसरं बरोबर असू शकतं. पंप गाठा, डिझेल टाका आणि मग तपासणी करा. उलट, काटा शून्यावर आणि दिवा बंद असेल तर टाकीत बहुधा डिझेल आहे आणि काट्याचं सर्किट बिघडलं आहे. तरी चावी लावताना दिवा क्षणभर लागतो की नाही ते बघा. काही गाड्यांत तो असा लागतो. त्या गाड्यांत लागला नाही तर बल्बच उडालेला असू शकतो.

11. युनिट घरी काढू का? डिझेल तर पेट्रोलसारखं पेट घेत नाही ना?

हा गैरसमज आधी काढून टाकायला हवा. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, किमान 35 अंश सेल्सिअस असतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे सावलीतलं तापमान त्याच्या वर असतं, आणि उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याहून तापते. म्हणजे वाफ पेट घेऊ शकते. पेट्रोलचं तर थंडीतही तसंच.

काम सकाळी, मोकळ्या हवेत करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. विडी-सिगारेट, ग्राइंडर, उघडा बल्ब, मोबाइलचं चार्जिंग, सगळं लांब. टाकीत डिझेल पाव भागापेक्षा कमी असू द्या. युनिटभोवतीची माती आधी ब्रशने आणि हवेने काढा, नाहीतर झाकण उघडताच ती टाकीत पडते आणि पुढे फिल्टरमध्ये जाते. वरून रिंग असेल तर ती लाकडाच्या किंवा पितळेच्या तुकड्याने ठोकून फिरवा, लोखंडी छिन्नीने नको. युनिट कुठल्या दिशेला बसलं होतं त्याची खूण करा, कारण उलट बसवलं की दांडी टाकीच्या भिंतीला घासते. जुनी गॅस्केट परत वापरू नका. हौद्यामुळे हात पोचत नसेल आणि टाकी उतरवावीच लागत असेल, तर जॅक आणि दोन माणसं असल्याशिवाय हात घालू नका. अर्धी भरलेली टाकी एकट्याने पेलवत नाही.

12. युनिट बाहेर काढलं. आता चांगलं की वाईट, हे कसं ठरवू? आणि नवं लावल्यावर फुल टाकीला अर्धंच का दाखवतं?

फ्लोट कानाजवळ हलवा. आत डिझेल खळखळलं तर त्याला भोक आहे. तो बुडतो आणि काटा कायम कमी दाखवतो. मग मल्टिमीटर ओहमवर लावा आणि दांडी खालून वर अगदी सावकाश न्या. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली किंवा गायब झाला तर पट्टी संपली.

नवं युनिट चुकीचं दाखवतं ते बहुतेक रेझिस्टन्स न जुळल्यामुळे. बोल्टची भोकं जुळतात, दांडीची लांबीही जुळते, पण मीटरला हवा असलेला रिकामी-फुलचा रेझिस्टन्स वेगळा असतो. म्हणून जुनं युनिट सोबत घेऊनच दुकानात जा आणि काउंटरवरच दोन्हींची दोन्ही टोकं मोजून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मध्ये जादा रेझिस्टर टाकून वाचन "जमवून" देणारे भेटतात. त्याने एक टोक जमतं, दुसरं बिघडतं.

रेझिस्टन्स जुळूनही थोडा फरक राहिला तर दांडी अगदी किंचित वाकवता येते. ती वाकवताना रिकाम्या टोकाकडे लक्ष ठेवा. फुलला काटा थोडा कमी दिसला तर काही बिघडत नाही, पण टाकी रिकामी होताना काटा खरंच शून्यावर यायला हवा.

13. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवायची कशी?

टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना किती लिटर लागलं ते लिहा. दोन-तीन वेळा असं केलं की तुमच्या गाडीचा खरा अ‍ॅव्हरेज कळतो. समजा टाकी 60 लिटरची आणि लोडवर अ‍ॅव्हरेज 12 चा. हिशेबाने 720 किलोमीटर होतात, पण तुम्ही 500 ला पंपावर जा. घाट, वरचा गिअर न पडणारा लोड, ट्रॅफिक, सगळं त्या फरकात जातं. ट्रिप मीटर नसेल तर किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर चिकटवलेल्या कागदावर लिहा. ड्रायव्हर बदलत असतील तर कागदच बरा.

लाकडी पट्टी टाकून बघायची जुनी पद्धत ज्या गाड्यांत तोंडाला जाळी किंवा वळण आहे तिथे चालत नाही. पट्टी मध्येच टेकते आणि डिझेल आहे असं वाटतं.

14. डिझेल संपून गाडी बंद पडली. टाकलं तरी चालू होत नाही.

लाइनमध्ये हवा धरली आहे. निदान दहा लिटर डिझेल टाका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. तेव्हा स्क्रू कसा. सेल (स्टार्टर) एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारा आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरीही जाईल आणि स्टार्टरही.

कॉमन रेल गाडीत (इलेक्ट्रॉनिक, हाय प्रेशर इंजेक्शनच्या नव्या डिझेल गाडीत) फक्त फिल्टरचा हातपंप वापरा. इंजेक्टरचे पाइप सैल करू नका, तिथलं प्रेशर माणसाच्या कातडीत घुसतं. या गाडीचा हाय प्रेशर पंप डिझेलनेच वंगणला जातो, म्हणून ती कोरडी पळवणं खर्चात पाडतं.

आणि उतारावर इंजिन बंद पडलं तर हे लक्षात ठेवा. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनवर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन थांबलं की एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टीअरिंगही जड होतं. पेडल पुन्हा पुन्हा मारू नका. एकदाच दाबून धरा, खालचा गिअर पकडा, गाडी डावीकडे घ्या. बिघडलेल्या गेजवर कसारा किंवा आंबेनळी घाट उतरू नका, ते याच कारणासाठी.

15. पंपावर कमी डिझेल टाकलं, का गेजच चुकीचं दाखवतंय, हे कसं कळणार?

गेजवरून कळणारच नाही. टाकीचा आकार वर-खाली सारखा नसतो, त्यामुळे वरच्या अर्ध्यातले आणि खालच्या अर्ध्यातले लिटर सारखे भरत नाहीत. शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, त्यात मोजून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त आढळला तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा.

रात्रीत काटा उतरला तर चोरीचाही विचार करा. संध्याकाळी आणि सकाळी, एकाच जागी उभ्या गाडीत, चावी चालू करून बघा. झाकणाला कुलूप लावा.

16. फक्त पावसाळ्यातच गेज वेड्यासारखं वागतं.

कपलरमध्ये पाणी शिरतं. चाकाचा चिखल थेट टाकीवर उडतो आणि कपलरचं रबर जुनं होऊन फाटलेलं असतं. कोरडं करा, पिना साफ करा, जेली लावा, रबर बदला. इंजिनही धक्के देत असेल तर पाणी टाकीतही गेलं आहे. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू उघडून बघा.

17. सीएनजी किट बसवल्यापासून पेट्रोलचा काटा बिघडला.

सीएनजीचं वाचन प्रेशरवरून येतं. भरलेल्या सिलिंडरमध्ये ते 200 बारच्या आसपास असतं. पेट्रोलच्या फ्लोटशी त्याचा संबंध नाही. म्हणून किट बसवताना कुठली वायर कापली, कुठून सप्लाय घेतला, ते बसवणाऱ्याकडून तपासून घ्या. टेस्ट प्रश्न 4 चीच. पण टाकी पेट्रोलची असल्याने ती मोकळ्या हवेत करा आणि वायर टाकीजवळ न भिडवता मीटरच्या मागून तपासा.

18. आम्ही अमेरिकेत राहतो. जुना पिकअप घेतला आहे. वायर अर्थ केली तर काटा फुलवर जायला हवा, पण रिकाम्यावर जातो.

मीटर ठीक असू शकतं, रचना उलटी आहे. जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपमध्ये रिकाम्या टाकीला 0 ओहम आणि फुलला 90 ओहम असतात. तिथे अर्थ केलं की काटा रिकाम्यावर जाणं हेच बरोबर. फोर्डमध्ये 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रिकामीला साधारण 73 आणि फुलला 10 च्या आसपास होते, नंतर ते उलटून 16 ते 158 झाले. म्हणून फोर्डच्या वेगवेगळ्या काळातल्या गाड्यांचे भाग एकमेकांत बसवून उपयोग नाही. गाडीला दोन टाक्या असतील तर एक जादा जागाही तपासा. टाकी बदलायचा स्विच किंवा व्हॉल्व्हच मीटरची वायरही बदलतो. एका टाकीवर काटा नीट आणि दुसऱ्यावर चुकीचा असेल तर मीटर बाजूला ठेवा. त्या टाकीचं युनिट, त्याचं अर्थिंग आणि स्विचमधले संपर्क बघा.

19. आमची गाडी थोडी नवी आहे, डिजिटल पॅनल आहे. हीच टेस्ट चालेल का?

वायर अर्थ करायची टेस्ट करू नका. अशा पॅनलमध्ये युनिटचा सिग्नल कंट्रोलर वाचतो आणि आकडा मुद्दाम सावकाश बदलतो, म्हणून टेस्ट केली तरी काही क्षणांत काहीच दिसणार नाही, आणि चुकीच्या पिनला हात लागला तर पॅनलचा खर्च येईल. काही गाड्यांत चावी चालू ठेवून डिझेल भरलं तर वाचन वर यायला बराच वेळ लागतो. आधी चावी बंद करून पुन्हा चालू करून बघा. त्यानंतर प्रश्न 5 मधलं अर्थिंग आणि प्रश्न 12 मधलं युनिटचं मोजमाप ही दोन कामं तुम्ही करू शकता. पुढचं स्कॅनर असलेल्या माणसाकडे द्या.